अंतराळ-व्यूहखेळ

संगणकाच्या पडद्यावर खेळावयाच्या व्हिडिओ खेळांचा एक वर्ग. या वर्गातील खेळांत खेळाडू एखाद्या ग्रहसंस्कृतीचा, राज्यसंघाचा किंवा आरमाराचा प्रमुख असतो आणि ताऱ्यांच्या विस्तीर्ण प्रदेशात वसाहत, उत्पादन, संशोधन, राजकारण व युद्ध यांची दीर्घ पल्ल्याची योजना आखून प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याचा प्रयत्न करतो. हाताच्या चपळाईपेक्षा निर्णयाला येथे अधिक महत्त्व असते. म्हणून नेमबाजीच्या किंवा शर्यतीच्या व्हिडिओ खेळांपेक्षा हे खेळ बुद्धिबळाच्या कुळाशी अधिक जवळचे ठरतात. संपूर्ण डावासाठी आखलेल्या योजनेस ‘व्यूह’ आणि प्रत्यक्ष चकमकीतील हालचालींस ‘डावपेच’ म्हणावयाचे झाल्यास, या खेळांत दोहोंनाही स्थान असते. तथापि डावाचा निकाल बहुधा व्यूहावर ठरतो.

या वर्गातील अनेक खेळ प्रसिद्धीनंतर दोन-तीन वर्षांत विस्मृतीत गेले, तर काही पंचवीस-तीस वर्षे खेळले जात आहेत. या फरकाचा उलगडा करताना दोन गुणांचा विचार मुख्यतः करावा लागतो. पहिला गुण म्हणजे पक्षवैविध्य, म्हणजे निरनिराळ्या पक्षांच्या सामर्थ्यांत, उणिवांत आणि खेळण्याच्या रीतीत असलेला भेद. दुसरा म्हणजे खोली, म्हणजे शेकडो डाव खेळल्यानंतरही शिकण्यासारखे काही शिल्लक राहणे. हे दोन गुण परस्परांना पोषक असतात. परंतु त्यांचा मेळ घालणे ही खेळाच्या रचनेतील सर्वांत कठीण बाब मानली जाते.

पूर्वपीठिका : संगणकीय खेळांच्या आरंभापासूनच अंतराळ हा विषय त्यांत आढळतो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याचे सहकारी यांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या संगणकासाठी स्पेसवॉर! हा खेळ तयार केला. मध्यभागी असलेल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण सांभाळीत दोन याने परस्परांवर मारा करीत. हा खेळ चपळाईचा होता. परंतु अवकाशातील स्थान आणि गती यांचा विचार त्यात आवश्यक होता. माइक मेफील्ड याने १९७१ मध्ये बेसिक या संगणकभाषेत स्टार ट्रेक या दूरचित्रवाणी मालिकेवर आधारलेला एक खेळ लिहिला. त्यात चित्रे नव्हती. आठ गुणिले आठ घरांच्या आकाशगंगेत शत्रूंची याने शोधणे, इंधनाचा हिशेब ठेवणे आणि ठरलेल्या मुदतीत कामगिरी पुरी करणे एवढेच त्याचे स्वरूप होते. बेसिक कार्यक्रमांच्या छापील संग्रहांमुळे तो सर्वत्र पसरला.

पक्षवैविध्याची कल्पना मात्र प्रथम पटावरील खेळांत परिपक्व झाली. १९७७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कॉस्मिक एन्काउंटर या खेळाचे मूळ नियम थोडके आहेत. परंतु प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला येणाऱ्या परग्रहवासीयांच्या जमातीला त्यांपैकी एखादा नियम मोडण्याची मुभा असते. पहिल्या आवृत्तीत अशा पंधरा जमाती होत्या. कोणत्या जमाती समोरासमोर आल्या यावर डावाचे स्वरूप अवलंबून असल्याने तेवढ्याच साहित्यातून नवनवे डाव निर्माण होत. फ्रँक हर्बर्ट यांच्या ड्यून (१९६५) या कादंबरीवरील पटखेळ याच रचनाकारांनी केला आणि तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सहा पक्षांना ज्ञान, पैसा, सैन्य, वाहतूक यांपैकी निरनिराळ्या गोष्टींवर वर्चस्व दिलेले आहे.

संगणकावर या कल्पना हळूहळू उतरल्या. ऑस्ट्रेलियातील स्ट्रॅटेजिक स्टडीज ग्रुप या संस्थेचा रीच फॉर द स्टार्स (१९८३) हा शोध, वसाहत, उत्पादन आणि आरमारी युद्ध ही चारही अंगे एकत्र आणणारा आरंभीचा महत्त्वाचा खेळ होय. स्टीव्ह बार्सिया याच्या सिमटेक्स या संस्थेने तयार केलेल्या मास्टर ऑफ ओरायन (१९९३) या खेळाने या प्रकाराला स्थिर स्वरूप दिले. त्याचा परिचय करून देताना अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा उपयोग आणि शत्रूचा उच्छेद या चार क्रियांच्या इंग्रजी नावांतील ‘एक्स’ या अक्षरावरून एक संज्ञा बनविली. त्यावरून पुढे अशा सर्व खेळांना ‘चार-एक्स’ खेळ म्हणू लागले.

प्रकार : काळाच्या योजनेवरून या खेळांचे दोन प्रमुख प्रकार पडतात. पाळीबद्ध खेळांत बुद्धिबळाप्रमाणे प्रत्येक पक्ष आपली पाळी संपवितो आणि मग काळ एक टप्पा पुढे सरकतो. मास्टर ऑफ ओरायन, गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स (विंडोज आवृत्ती २००३) आणि एंडलेस स्पेस (२०१२) हे खेळ या प्रकारातील होत. अखंडकालिक खेळांत काळ सर्व पक्षांसाठी एकाच वेळी वाहत असतो आणि विचारात घालविलेला प्रत्येक क्षण हीदेखील खर्ची पडलेली साधनसंपत्तीच असते. १९९२ मधील ड्यून २ या खेळाने या प्रकाराची चौकट घालून दिली. स्टारक्राफ्ट (१९९८) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. होमवर्ल्ड (१९९९) या खेळात याने पटासारख्या सपाट पृष्ठभागावर न राहता तिन्ही मितींत हालतात आणि एका मोहिमेत वाचलेले आरमार पुढील मोहिमेत बरोबर येते.

या दोन प्रकारांचा संकरही झालेला आहे. सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर (२००८) आणि स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेचा स्टेलॅरिस (२०१६) या खेळांत काळ अखंड वाहतो; परंतु त्याची गती कमीजास्त करता येते आणि एकट्याने खेळताना तो थांबविताही येतो. त्यामुळे मोठ्या साम्राज्याचा कारभार अखंड काळातही सांभाळता येतो.

पक्षवैविध्याच्या पायऱ्या : पक्षांतील भेद किती खोलवर जातो, यावरून त्याच्या चार पायऱ्या कल्पिता येतात.

पहिली पायरी आकड्यांतील भेदाची. येथे नियम सर्वांना सारखेच असतात. मात्र एका पक्षाचे संशोधन अधिक वेगाने होते, दुसऱ्याची लोकसंख्या झपाट्याने वाढते, तिसऱ्याचे तोफखाने अचूक असतात. मास्टर ऑफ ओरायनमधील दहा वंशांपैकी बहुतेकांचे भेद याच स्वरूपाचे आहेत. सायलॉन हे संशोधनात, क्लॅकॉन उत्पादनात, सक्रा प्रजावृद्धीत, तर डार्लोक हेरगिरीत श्रेष्ठ आहेत. असा भेद समजण्यास सोपा असतो. पण केवळ त्यावर अवलंबून राहिल्यास सर्व पक्ष जवळजवळ एकाच रीतीने खेळले जातात.

दुसरी पायरी बंधनांची व मोकळिकीची. याच खेळातील सिलिकॉइड हे पाषाणदेही प्राणी कोणत्याही ग्रहावर, मग तो कितीही प्रतिकूल असो, आरंभापासून वस्ती करू शकतात आणि प्रदूषणाची त्यांना बाधा होत नाही. उलटपक्षी त्यांची प्रजा अतिशय मंद गतीने वाढते. येथे भेद केवळ प्रमाणाचा राहत नाही. इतरांना निरुपयोगी वाटणारे ग्रह सिलिकॉइडांना मोलाचे ठरतात, आणि तोच नकाशा दोन खेळाडूंना दोन वेगळ्या प्रकारे दिसू लागतो.

तिसऱ्या पायरीवर मूळ नियमच प्रत्येक पक्षासाठी वेगळे होतात. सोर्ड ऑफ द स्टार्स (२००६) या खेळात ताऱ्यांमधील प्रवासाची रीत पक्षागणिक भिन्न आहे. मानवांची याने निसर्गतः अस्तित्वात असलेल्या ठराविक मार्गांनीच पण वेगाने जातात. तार्का हव्या त्या दिशेने सरळ रेषेत जातात. लिर यांची गती ताऱ्यांपासून दूर असताना जास्त व जवळ येताच कमी होते. हायव्हर प्रकाशाहून मंद गतीने रखडत जातात, परंतु पोहोचल्यावर तेथे द्वार उभारतात आणि मग दोन द्वारांमध्ये त्यांचे आरमार तत्काळ ये-जा करू शकते. परिणामी हायव्हरांवर चढाई करणाऱ्याला संपूर्ण साम्राज्याच्या आरमाराशी एकाच ठिकाणी गाठ पडण्याचा धोका पत्करावा लागतो, तर हायव्हरांना नव्या प्रदेशात पाय रोवण्यासाठी कित्येक पाळ्या आधी योजना करावी लागते. एंडलेस स्पेस २ (२०१७) मधील व्होड्यानी हा पक्ष ग्रहांवर वसाहत करीतच नाही. तो प्रचंड नौकांत राहतो, त्या एखाद्या तारामंडलात नांगरतो आणि इतरांच्या प्रजेचे सत्त्व शोषून वाढतो.

चौथी पायरी विचारसरणीची. आल्फा सेंटॉरी (१९९९) या खेळाचे कथानक एका परग्रहावर घडते. त्यातील सात पक्ष वंशाने नव्हे, तर श्रद्धेने वेगळे आहेत : निसर्गपूजक, समूहवादी, विज्ञाननिष्ठ, व्यापारवादी, लष्करी, धर्मनिष्ठ आणि लोकशाहीवादी. शेवटच्या पक्षाचा कल्पित नेता प्रवीण लाल हा भारतीय दाखविलेला आहे. प्रत्येक पक्षाला एक समाजव्यवस्था वर्ज्य असते. उदा., निसर्गपूजकांना मुक्त बाजारपेठ स्वीकारता येत नाही. स्टेलॅरिसमध्ये हे तत्त्व आणखी पुढे नेले असून युद्धप्रियता, शांतता, समता, अधिकार, अध्यात्म, भौतिकवाद इ. तत्त्वांच्या मिश्रणातून खेळाडू स्वतःच पक्ष घडवितो. त्यामुळे पक्षांची संख्या मोजण्यापलीकडे जाते. तथापि घडविलेले अनेक पक्ष प्रत्यक्षात एकमेकांसारखेच वागतात, असाही अनुभव येतो. संख्येने वाढलेले वैविध्य आणि खेळण्यातून जाणवणारे वैविध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पक्षांचा समतोल : पक्ष जितके भिन्न, तितके त्यांना तुल्यबळ ठेवणे अवघड. दोन्ही बाजूंना सारखीच मोहरी असलेल्या बुद्धिबळात हा प्रश्न केवळ पहिली खेळी कोणाची एवढ्यापुरता उरतो. विषम पक्षांच्या खेळात मात्र एखादा पक्ष किंचित वरचढ ठरला, तरी कुशल खेळाडू केवळ तोच निवडू लागतात आणि बाकीचे पक्ष नावापुरते उरतात. वैविध्य असूनही ते उपयोगात येत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत अभ्यासनीय उत्तर स्टारक्राफ्टमध्ये आढळते. ब्लिझर्ड या अमेरिकन संस्थेने मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या खेळात तीनच पक्ष आहेत. टेरन हे मानव. त्यांच्या अनेक इमारती जमिनीवरून उचलून दुसरीकडे नेता येतात आणि त्यांची यंत्रे दुरुस्त करता येतात. झर्ग हे कीटकसदृश प्राणी. त्यांचे सारे सैन्य पोळ्यांतून निघणाऱ्या अळ्यांपासून तयार होते, म्हणून कामकरी हवेत की लढवय्ये याची निवड त्यांना पदोपदी करावी लागते. प्रोटॉस हे प्रगत तंत्र असलेले. त्यांचे सैनिक थोडे, महाग व भक्कम असतात, आणि त्यांचे संरक्षककवच काही काळाने आपोआप भरून येते. इमारत उभारण्याच्या साध्या कृतीतही भेद आहे. टेरन कामगार ती बांधून पुरी होईपर्यंत अडकून राहतो, प्रोटॉस कामगार ती सुरू करून दुसऱ्या कामाला लागतो, तर झर्ग कामगाराचेच इमारतीत रूपांतर होऊन तो नाहीसा होतो. तीन पक्षांतून सहा प्रकारच्या लढती संभवतात आणि प्रत्येक लढतीचे शास्त्र निराळे आहे.

दक्षिण कोरियात या खेळाला व्यावसायिक स्पर्धांचे रूप आले व त्यांसाठी दूरचित्रवाणीच्या स्वतंत्र वाहिन्या चालविल्या गेल्या. २००१ नंतर खेळाच्या मूळ आकड्यांत समतोलासाठी महत्त्वाचे बदल झाले नाहीत. तरीही समतोल टिकला, तो स्पर्धांच्या नकाशांमुळे. एखादा पक्ष वरचढ होऊ लागला, की अरुंद वाटा, उंचवटे, खनिजांची ठिकाणे यांची मांडणी बदलून नवा नकाशा वापरात आणीत. नियम स्थिर ठेवून रणभूमी बदलण्याचा हा उपाय इतर खेळांच्या रचनाकारांनाही मार्गदर्शक ठरला आहे.

खोलीचे स्वरूप : खोली आणि गुंतागुंत यांत फरक करणे आवश्यक आहे. नियमांची, घटकांची व आकड्यांची संख्या म्हणजे गुंतागुंत. त्यांतून निर्माण होणाऱ्या अर्थपूर्ण पर्यायांची संख्या म्हणजे खोली. बुद्धिबळाचे नियम एका पानावर मावतात; परंतु संभाव्य डावांची संख्या एकावर एकशेवीस शून्ये इतकी असावी, असा अंदाज क्लॉड शॅनन याने १९५० मध्ये वर्तविला होता [⟶ बुद्धिबळ]. याउलट शेकडो तंत्रे आणि इमारती असलेल्या एखाद्या खेळात सर्व परिस्थितींत एकच क्रम श्रेष्ठ ठरत असेल, तर तो गुंतागुंतीचा असूनही उथळ होय. असा सर्वश्रेष्ठ क्रम खेळाडूंना सापडला, की निर्णय संपतात आणि केवळ पाठांतर उरते.

खोली टिकविणाऱ्या घटकांपैकी चार प्रमुख होत. (१) परस्परविरोध : प्रत्येक शस्त्राला उतारा आणि प्रत्येक योजनेला प्रतियोजना असणे. (२) अपुरी माहिती : न पाहिलेला प्रदेश झाकलेला असल्याने टेहळणीवर किती खर्च करावा, हाच एक निर्णय होतो. (३) संधीची किंमत : जे केले त्यामुळे जे करता आले नाही त्याचा हिशेब. मास्टर ऑफ ओरायनच्या दुसऱ्या भागात (१९९६) संशोधनाच्या एका टप्प्यावरील तंत्रांपैकी सामान्यतः एकच निवडता येते, उरलेली हेरगिरीने, देवघेवीने वा युद्धाने मिळवावी लागतात. (४) बदलती सुरुवात : त्याच खेळाच्या पहिल्या भागात तंत्रवृक्षातील काही तंत्रे दर डावात यदृच्छेने वगळली जातात, त्यामुळे ठराविक क्रम पाठ करून भागत नाही, हाती आलेल्या साधनांतूनच मार्ग काढावा लागतो.

मार्गांची रचना हाही खोलीचा एक स्रोत आहे. स्टेलॅरिसमध्ये आरंभी ताऱ्यांमधील प्रवासाच्या तीन रीती होत्या व प्रत्येक पक्षाला त्यांतील एक निवडता येई. २०१८ मध्ये रचनाकारांनी हे वैविध्य कमी करून सर्वांना ताऱ्यांना जोडणाऱ्या ठराविक मार्गांनीच जाणे भाग पाडले. वरवर पाहता हे खेळाचे संकोचन होते. पण त्यामुळे नाकेबंदीची ठिकाणे निर्माण झाली, सीमेवरील किल्ल्यांना अर्थ आला आणि कमकुवत पक्षालाही बचाव शक्य झाला. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत मूठभर मावळ्यांनिशी मोठ्या फौजेला रोखून धरले, ते खिंड होती म्हणून. मोकळ्या माळावर तो व्यूह संभवत नव्हता. तथापि प्रवासाच्या भिन्न रीती गेल्याने खेळाची लज्जत कमी झाली, असे मानणारे खेळाडूही आहेत. वैविध्य आणि खोली यांचा विरोध कोठे येऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

खोलीला बाध आणणाऱ्या गोष्टींत आघाडीच्या चक्रवाढीचा उल्लेख प्रथम करावा लागेल. ज्याच्याकडे ग्रह अधिक त्याचे उत्पादन अधिक, म्हणून आरमार मोठे, म्हणून पुन्हा ग्रह अधिक; अशा रीतीने डावाचा निकाल मध्यावरच ठरतो आणि उरलेले तास केवळ उपचाराचे होतात. यावर निरनिराळे उपाय योजले गेले आहेत. मास्टर ऑफ ओरायनमध्ये सर्व वंशांच्या परिषदेत दोन-तृतीयांश मते मिळविणारा पक्ष विजयी होतो, म्हणून बलाढ्य पक्षालाही मित्र जोडावे लागतात किंवा इतरांचा संयुक्त विरोध सहन करावा लागतो. स्टेलॅरिसमध्ये अखेरच्या काळात आकाशगंगेवर एखादे महासंकट कोसळते. एआय वॉर : फ्लीट कमांड (२००९) या खेळातील उपाय अधिक मूलगामी आहे. त्यात जवळजवळ संपूर्ण आकाशगंगा आधीच यंत्रबुद्धीच्या ताब्यात असून तिला मूठभर मानवांची फारशी दखल घ्यावीशी वाटत नाही; खेळाडूने जिंकलेल्या प्रत्येक ग्रहाबरोबर मात्र तिची सावधगिरी वाढत जाते. त्यामुळे काय जिंकावे यापेक्षा काय जिंकू नये, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दुसरा बाध कारभाराच्या भाराचा. साम्राज्य वाढले, की शेकडो ग्रहांवरील किरकोळ आज्ञा देण्यात वेळ जातो. तिसरा बाध संगणकीय प्रतिपक्षाच्या दुर्बलतेचा. नियम जितके बहुविध, तितके ते संगणकाला चांगल्या रीतीने खेळावयास लावणे कठीण. म्हणून पुष्कळ खेळांत संगणकाला कौशल्याऐवजी वाढीव उत्पादन देऊन बळ आणतात. याबाबत डीपमाइंड या संस्थेच्या आल्फास्टार या कार्यक्रमाचे प्रयोग उद्बोधक आहेत. त्याने २०१९ मध्ये स्टारक्राफ्ट २ या खेळात सर्वोच्च श्रेणीतील मानवी खेळाडूंची पातळी तिन्ही पक्षांनी खेळून गाठली. मात्र प्रत्येक पक्षासाठी स्वतंत्र जालाला शिक्षण द्यावे लागले. त्याच वर्षीच्या एका प्रदर्शनीय लढतीत, मागील बाजूस वारंवार छोटे हल्ले करून त्याचे मुख्य सैन्य परत परत मागे खेचावयास लावण्यात एका मानवी खेळाडूला यश आले आणि तो डाव त्याने जिंकला. गनिमी काव्याचे हे तत्त्व यंत्राच्या शिक्षणातही तेव्हा अपुरे राहिले होते.

भारतीय परंपरेतील साम्यस्थळे : विषम पक्षांचा खेळ ही भारतीयांस नवी गोष्ट नव्हे. वाघबकरी या खेडोपाडी खेळल्या जाणाऱ्या खेळात एका बाजूस थोडे वाघ आणि दुसऱ्या बाजूस पुष्कळ बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी मारतो, बकऱ्यांना मारता येत नाही. त्या एकजुटीने वाघांची कोंडी करतात. नेपाळातील बाघचाल या प्रकारात चार वाघ व वीस बकऱ्या असतात. दोन बाजूंची संख्या, चाल आणि उद्दिष्ट ही तिन्ही भिन्न असूनही डाव रंगतो, कारण एकाचे बळ दुसऱ्याच्या उणिवेशी नेमके जुळविलेले आहे. पक्षवैविध्याच्या तिसऱ्या पायरीचे हे लोकपरंपरेतील उदाहरण होय.

कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या सावंतवाडी येथे तयार होणाऱ्या गंजिफांत याचे दुसरे रूप दिसते [⟶ गंजिफा]. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० पाने असतात. राजा व प्रधान सर्व रंगांत श्रेष्ठ असले, तरी उरलेल्या पानांचा क्रम निम्म्या रंगांत दश्शीपासून उतरता, तर निम्म्यांत एक्क्यापासून चढता लावतात. दिवसा खेळावयास बसल्यास रामाच्या आणि रात्री कृष्णाच्या रंगाला अग्रमान मिळतो. १०८ पानांच्या नवग्रह गंजिफांत तर ग्रहच पक्ष झालेले आहेत. लहानशा नियमभेदाने स्मरणशक्तीची व अंदाजाची कसोटी कशी वाढविता येते, हे यावरून लक्षात येते.

या खेळांचे साहित्याशीही नाते आहे. कोल्हापूर येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर काय झाले असते, ही कल्पना मांडलेली आहे. एका निर्णयबिंदूपासून इतिहासाला फुटणाऱ्या अशा शाखा हाच व्यूहखेळांचाही गाभा आहे. फरक एवढाच, की कथेतील शाखा लेखक निवडतो, खेळातील शाखा खेळाडू निवडतो आणि तिचे परिणाम त्यालाच भोगावे लागतात.

जतन व सद्यःस्थिती : दीर्घायुषी खेळांचे दोन मार्ग आता स्पष्ट झाले आहेत. स्टारक्राफ्टच्या मार्गात नियम गोठलेले राहतात व खेळाडूंचा समाज त्यांतून नवे ज्ञान काढीत राहतो. स्टेलॅरिसच्या मार्गात रचनाकार स्वतःच वर्षानुवर्षे नियम बदलीत व नवे पक्ष जोडीत राहतात. पहिल्या मार्गात जुने कौशल्य वाया जात नाही. दुसऱ्यात खेळ ताजा राहतो, पण २०१६ चा खेळ आज त्याच स्वरूपात उरलेला नसतो, शिवाय नव्या पक्षांसाठी वेगळे मूल्य मोजावे लागते. बुद्धिबळाचा पट सुतार पुन्हा करून देऊ शकतो, गंजिफा चितारी पुन्हा रंगवू शकतो. संगणकीय खेळ मात्र जुनी यंत्रे बंद पडली किंवा प्रकाशकाने सेवा थांबविली, की खेळता येईनासा होतो. म्हणून जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या आणि मुक्त आज्ञावलीवर आधारलेले प्रकल्प यांना महत्त्व आहे. २०१७ मध्ये मूळ स्टारक्राफ्ट विनामूल्य उपलब्ध करून त्याची चित्रे सुधारलेली आवृत्ती काढण्यात आली. मास्टर ऑफ ओरायनच्या प्रेरणेने स्वयंसेवकांनी फ्रीओरायन हा मुक्त खेळ विकसित केला.

जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत (२०१८) स्टारक्राफ्ट २ हा प्रदर्शनीय प्रकार म्हणून समाविष्ट होता. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडेला बहुक्रीडा स्पर्धांतील प्रकार म्हणून मान्यता दिली. २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि ई-क्रीडा यांत भेद केला असून पहिल्यांवर बंदी घातली आहे. व्यूहखेळांचा सामाजिक विचार करताना हा भेद उपयुक्त आहे. मात्र पैसा नसला, तरी वेळेचा व्यय हा प्रश्न उरतोच. ‘आणखी एक पाळी’ म्हणता म्हणता रात्र सरते, हा या खेळांचा सर्वपरिचित दोष आहे, आणि तो त्यांच्या खोलीच्या गुणातूनच निघालेला आहे.

एखादा अंतराळ-व्यूहखेळ टिकाऊ आहे की नाही, याची कसोटी पक्षांच्या किंवा ताऱ्यांच्या संख्येत नाही. पक्ष बदलला असता खेळाडूला नकाशा वेगळा दिसतो काय, पराभव झाल्यावर त्याचे कारण स्वतःच्या निर्णयात सापडते काय आणि तेच पक्ष समोरासमोर आले असता पुढला डाव निराळा होतो काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असल्यास तो खेळ पटावरील अभिजात खेळांच्या पंक्तीस बसण्यास पात्र ठरतो.